झील कोण धरणार?

(परभणी येथे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या अभ्यासवर्गात आतापर्यंत शेतमालाचे भाव, पंचायत राज्य आणि सहकार या विषयांवर सविस्तर चर्चा झाली. शेवटच्या सत्रासाठी संयोजकांनी माझ्याकडे ‘आठवणीतली गाणी’ हा विषय सोपविला, तेव्हा काही ज्येष्ठ मित्रांच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले मी पाहिले. दिवसभराच्या गंभीर चर्चेनंतर थोडा विरंगुळा, असा त्याचा अर्थ असावा. मला मात्र हा विषय विरंगुळ्याचा वाटत नाही. संघटना कशाने उभी राहते आणि कशाने विसकटते, या प्रश्नाशी त्याचा अगदी निकटचा संबंध आहे, आणि त्याच अंगाने मी त्याची मांडणी करणार आहे.

विषय निघाला तो तरुण मित्रांच्या एका प्रश्नावरून. आपल्या वर्गाला आलेल्यांत कृषी विद्यापीठातील आणि शहरातील महाविद्यालयांतील काही विद्यार्थी आहेत. त्यांच्यापैकी दोघे-तिघे गिटार वाजवतात. बीटल्स, पिंक फ्लॉइड, बॉब डिलन यांची पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाणी ते मोबाइलवर ऐकतात आणि त्या गाण्यांवर तासन् तास बोलू शकतात. त्यांनी मला विचारले, “तुमच्या तरुणपणी परभणीत असे काही होते का? तुमचे आवडते बँड कोणते?” प्रश्न थट्टेचा नव्हता. म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

उत्तर असे की होय, आमचेही बँड होते. आम्ही त्यांना बँड म्हणत नव्हतो. बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला, लाल कोट घातलेल्या वाजंत्र्यांचा. आमच्या बँडला आम्ही कलापथक म्हणत होतो, जलसा म्हणत होतो आणि बौद्ध वस्त्यांतून त्याला ‘गायन पार्टी’ असे नाव होते. अमुक गायक आणि पार्टी, असे फलकावर लिहिलेले असे. पार्टी हा शब्द त्या काळी एकाच वेळी राजकीय पक्षासाठी आणि गाणाऱ्यांच्या संचासाठी वापरला जात होता, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. आज पार्टी म्हटल्यावर गाणे कोणाला आठवते?

रॉक संगीत हे श्रीमंत गोऱ्या तरुणांचे चाळे आहेत, असे म्हणून आपल्यातील काही मंडळी नाक मुरडतात. ते बरोबर नाही. या संगीताचे मूळ शोधत गेलो तर आपण अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यांत जाऊन पोहोचतो. तेथे राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या ब्लूज नावाच्या गाण्यातून ते उगवले आहे. १९४१ साली ॲलन लोमॅक्स हे संग्राहक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन अशाच एका मळ्यावर गेले आणि त्यांनी मडी वॉटर्स नावाच्या एका मजुराची गाणी मुद्रित केली. दोनच वर्षांनी तो मजूर मळा सोडून शिकागोला गेला. कारखान्यांच्या त्या शहरात गर्दीला ऐकू जावे म्हणून त्याने विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. १९६२ साली लंडनमध्ये काही गोऱ्या पोरांनी ‘रोलिंग स्टोन्स’ हा बँड काढला, तो याच मजुराच्या एका गाण्याचे नाव घेऊन. जगभर पैसा आणि कीर्ती मिळाली ती प्रामुख्याने त्या पोरांच्या पिढीला. कापूस वेचता वेचता ज्यांनी ते गाणे घडवले त्यांतील बहुतेकांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. परभणी हा काळ्या मातीचा, कापसाचा जिल्हा. कापसाच्या शेतात राबणाऱ्याचे गाणे कोठून येते आणि त्याचे मोल अखेर कोणाच्या पदरी पडते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६९ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका शेतावर वुडस्टॉकचा संगीत महोत्सव भरला. सुमारे चार लाख तरुण तेथे पावसात, चिखलात गाणी ऐकत बसले. रॉक संगीताच्या चाहत्यांना ते वर्ष सणासारखे आठवते. महाराष्ट्रातील श्रमिकांच्या गाण्याला मात्र त्याच वर्षी सुतक आले. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ साठे मुंबईत विपन्नावस्थेत गेले आणि त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्ट रोजी, शाहीर अमर शेख अपघातात गेले. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग कुटुंबातले, अमर शेख बार्शीच्या मुसलमान कुटुंबातले. या दोघांनी द. ना. गव्हाणकरांसह १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले होते. तरुण मित्रांना मी एवढेच सांगेन की तुम्ही ज्याला बँड म्हणता, तसा आमचा सर्वांत मोठा बँड हा होता. त्यांच्याजवळ विजेची गिटार नव्हती. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि झांज एवढीच वाद्ये होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी हजारोंच्या सभा बांधून ठेवल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पोवाडा, गोंधळ किंवा वगाचे गाणे ऐकताना आपले लक्ष शाहिराकडे असते. त्याच्या मागे उभे असलेल्या दोघा-तिघांकडे आपण पाहत नाही. शाहिराचा आवाज चरणाच्या शेवटी येतो तेव्हा हे लोक ते शेवटचे शब्द उचलतात, उंच ओढतात आणि शाहिराला श्वास घ्यायला उसंत देतात. याला झील म्हणतात, आणि ती धरणाऱ्याला झीलकरी. झीलकरी नसेल तर सर्वांत बलदंड शाहीरसुद्धा तासाभरात थकून बसेल. गाणे एका गळ्यातून निघते, पण ते समूहाचे होते ते झिलीमुळे. श्रोता जेव्हा दुसऱ्या कडव्यापासून आपण होऊन झील धरू लागतो, तेव्हा तो श्रोता राहत नाही, सहभागी होतो. माझ्या मते कार्यकर्ता घडण्याची सुरुवात नेमकी त्या क्षणी होते.

ही रीत आपल्याकडे चळवळींनी आणलेली नाही. ती या मातीत पूर्वीपासून होती. गंगाखेडची जनाबाई ही आपल्या जिल्ह्याची. जात्यावर बसणाऱ्या बायका एकीने ओवी म्हणावी आणि दुसरीने ती पुढे न्यावी, अशा रीतीने शतकानुशतके गात आल्या. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांचे जांभूळ आख्यान ज्यांनी ऐकले असेल त्यांना आठवत असेल की संबळाच्या ठेक्यावर मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि साथीदार मध्येच प्रश्न विचारून, शंका काढून ती कथा पुढे ढकलतो. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वाली ऐकावी, तर तेथेही तेच. मुख्य कव्वालाच्या मागचे टाळी वाजवणारे लोक नसतील तर कव्वाली उभीच राहत नाही. पुढे आंबेडकरी गायन पार्ट्यांनी हीच कव्वालीची ठेवण उचलली, सवाल-जवाबाचे सामने लावले आणि रात्री जागवल्या. मुसलमानी दर्ग्यातील गाण्याचा साचा बौद्ध वस्तीत गेला आणि तेथे त्यातून समतेचा विचार सांगितला गेला. राष्ट्रीय एकात्मतेवर परिसंवाद न घेता लोकांनी हे करून दाखविले.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या परिपत्रकाने परवानगीवाचून सभा घेण्यावर निर्बंध होता. सभा घेता येत नव्हती, पण भजन करता येत होते. व्याख्यान देता येत नव्हते, पण गणपतीच्या मेळ्यात पद म्हणता येत होते. मराठवाड्यात राजकीय जाणीव अनेक ठिकाणी व्यासपीठावरून येण्याआधी मेळ्यांतून आणि प्रभातफेऱ्यांतून आली. ज्या प्रदेशात भाषणाला बंदी होती, त्या प्रदेशाला गाण्याची किंमत अधिक कळते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर बंदी उठली, पण गाण्याची सवय राहिली. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो, तेव्हा मुंबई-पुण्याच्या कलापथकांची गाणी येथवर पोहोचली होती. ती तबकड्यांवरून पोहोचली नव्हती. येथे ग्रामोफोन होते कितीकांकडे? ती माणसांच्या तोंडून आली. कोणी तरी मुंबईला गिरणीत होता, तो दिवाळीला गावी येताना अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड शिकून आला आणि पारावर ती गायली. चाल थोडी बदलली, एखादे कडवे गळाले, पण गाणे पोहोचले.

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाची हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९४१ साली दलाची नव्याने बांधणी झाली, आणि पुढे वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधा वर्दे यांच्यासारख्यांनी कलापथकाला आकार दिला. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकासाठी लिहिले गेले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी पडद्यावर येण्यापूर्वी याच रंगमंचावर घडली. मात्र या नामवंतांचा उल्लेख करून थांबलो तर आपण पुन्हा शाहिराकडेच पाहू आणि झीलकऱ्याला विसरू. कलापथकाचे खरे सामर्थ्य त्यातून पुढे आलेल्या नटांत नव्हते. ते तालुक्याच्या गावी संध्याकाळी भरणाऱ्या शाखेत होते. तेथे शिंप्याचा मुलगा, मास्तरांची मुलगी, हमालाचा मुलगा ही सारी एका ओळीत उभी राहून एकाच सुरात गात होती. ज्यांना एकत्र जेवू देण्यास घरचे राजी नव्हते, त्यांना एकत्र गाण्याची सवय आधी लागली. सहभोजने त्यानंतर झाली.

माझ्या स्वतःच्या आठवणीतले एक गाणे सांगायचे झाले तर ते पूर्णेचे आहे. पूर्णा हे रेल्वे जंक्शन, आणि तेथील रेल्वे वसाहत ही कामगारांची आणि आंबेडकरी चळवळीची जुनी वस्ती. विद्यार्थिदशेत मी तेथे जयंतीच्या रात्री गायन पार्टी ऐकायला जात असे. हार्मोनियम, ढोलकी, एक बेंजो आणि खंजिरी. मुख्य गायकाजवळ एक जाड वही असे, तिला खाकी कागदाचे वेष्टन घातलेले. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे नाव लिहिलेले असे, आणि त्याखाली रमाईच्या कष्टांचे, चवदार तळ्याचे, धर्मांतराचे गीत असे. बरीचशी गीते वामनदादा कर्डकांची. झील धरायला रेल्वेचा एक गँगमन होता. त्याचा आवाज मुळीच गोड नव्हता. दिवसभर रुळांवर हातोडा चालवणाऱ्या माणसाचा तो आवाज. पण रमाईच्या गाण्यात मुख्य गायकाचा स्वर भरून आला आणि तो थांबला, की हा माणूस शेवटचा शब्द असा काही उचलून धरी की समोर बसलेल्या बायका पदराने डोळे पुसत त्याच्याबरोबर गाऊ लागत. पहाटे कार्यक्रम संपला की तो गँगमन खांद्यावर हत्यारे टाकून कामावर जाई. त्याचे नाव कोणत्याही फलकावर नव्हते. ‘आणि पार्टी’ या दोन शब्दांत तो होता.

मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. ८ तारखेला सुरू झालेला तो संप वीस दिवस चालला आणि सुमारे १७ लाख कामगार त्यात होते. त्या दिवसांत संपकरी पुरुषमंडळी अटकेच्या भीतीने घरी झोपत नव्हती. वसाहतीत बायका आणि मुले राहिली होती. रात्री त्या बायका अंगणात एकत्र बसत आणि ओव्या म्हणत. जात्यावरच्या जुन्याच ओव्या. फक्त भावाच्या जागी संपावर गेलेला धनी आला होता, आणि सासरच्या वाटेच्या जागी रुळांची वाट आली होती. त्या ओव्या कोणी लिहिल्या नव्हत्या, कोणत्या कलापथकाने बसवून दिल्या नव्हत्या. संप अपयशी ठरला हे इतिहासात लिहिलेले आहे. त्या वीस रात्री घरे कशाच्या बळावर टिकली, हे मात्र कोणी लिहिलेले नाही.

वामनदादांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. १९२२ साली नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेला हा माणूस अक्षरे शिकला तो मोठेपणी. मुंबईत कष्टाची कामे केली. पुढे २००४ साली निधन होईपर्यंत त्यांनी हजारो गीते रचली आणि महाराष्ट्रभर, मराठवाड्यात तर गावोगाव, ती गात ते हिंडले. बॉब डिलन यांना २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीतकाराला साहित्यिक म्हणावे काय, यावर आपल्या वृत्तपत्रांतूनही बराच खल झाला. मला त्या वेळी वाटले, हा प्रश्न पूर्णेच्या त्या बायकांना विचारला असता तर त्यांना तो समजलाच नसता. ज्याची गाणी लोक वहीत उतरवून घेतात, मुलांना शिकवतात, मयतीत आणि लग्नात म्हणतात, तो कवी की नव्हे हे ठरवायला समिती कशाला हवी?

नामांतराच्या लढ्यात या गाण्यांची कसोटी लागली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात, विशेषतः नांदेड-परभणीच्या ग्रामीण भागात, दलित वस्त्यांवर जे अत्याचार झाले ते आपणा सर्वांना ज्ञात आहेत. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतची ती सोळा वर्षे जळालेल्या वस्त्यांतील लोकांनी कशी काढली? पत्रके त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचली, पुढारी त्याहून उशिरा. गायन पार्टी मात्र पोहोचत होती. त्याच काळात, १९८४ साली, शेतकरी संघटनेचे अधिवेशन परभणीत भरले. शेतकऱ्याच्या दुःखाची भाषा घराघरांत गेली, आणि पुढे इंद्रजित भालेराव यांच्यासारख्या कवीची शेतीमातीची कविता शेतकरी सभांतून म्हटली जाऊ लागली. या दोन प्रवाहांची गाणी एकाच गावात, एकाच महिन्यात गायली जात होती. पण एक वेशीच्या आत आणि दुसरे वेशीच्या बाहेर. कापसाच्या भावाच्या गाण्याला बौद्ध वस्तीतून झील मिळाली नाही, आणि नामांतराच्या गाण्याला मराठा-ओबीसी आळीतून झील मिळाली नाही. दोन्ही लढ्यांचे राजकीय मूल्यमापन आपण अनेकदा केले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की झील कोठे थांबली हे पाहिले, तर गाव कोठे तुटले आहे ते नेमके कळते.

यानंतर आपल्या ज्येष्ठ मित्रांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. ते म्हणतात, कॅसेटने गाणे मारले, मग डीजेने मारले, आता मोबाइलने मारले. ही तक्रार मला अर्धवट वाटते. १९८० नंतर स्वस्त कॅसेट आल्या म्हणून तर प्रल्हाद शिंदे यांचा आवाज प्रत्येक पाड्यावर गेला. मुंबईच्या गायकाला परभणीच्या शेतमजुराने ऐकले ते कॅसेटमुळेच. यंत्राने गाणे दूरवर नेले यात संशय नाही. पण त्याबरोबर एक बदल हळूच झाला. पूर्वी गाणे हवे असेल तर पाच माणसे जमवावी लागत. कॅसेट आल्यावर बटण दाबणारा एक पुरेसा झाला. आता जयंती असो वा विसर्जन, ट्रॅक्टरवर रचलेल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून आवाज येतो, तरुण त्यापुढे नाचतात, पण गात कोणीच नाही. गाणे म्हणायचे झाले तरी त्या आवाजात स्वतःचा गळा स्वतःला ऐकू येणार नाही. लाखो रुपयांची वर्गणी त्यासाठी होते. जो समाज एके काळी पाच रुपयांच्या खंजिरीवर रात्र जागवीत होता, तो आज भाड्याच्या आवाजापुढे मुका उभा आहे.

तथापि याचा सारा दोष यंत्राच्या माथी मारणे म्हणजे स्वतःची सुटका करून घेणे होय. कर्णे येण्याआधीच संध्याकाळच्या शाखा बंद पडू लागल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि त्याच्या वाताहतीत गिरणगाव उद्ध्वस्त झाले. मराठवाड्यात गाणी घेऊन येणारी ती वाटच बुजली. नियमित भेटणे थांबले, की एकत्र गाणे थांबते. आणि एकत्र गाणे थांबले, की भेटण्याचे एक मोठे निमित्त जाते. रिकामी झालेली ही जागा यंत्राने व्यापली.

मित्रहो, जुन्या गाण्यांच्या आठवणींत एक धोका असतो, तोही सांगितला पाहिजे. ती गाणी आपल्याला गोड वाटतात याचे एक कारण, ती ऐकली तेव्हा आपण वीस वर्षांचे होतो. रॉकच्या चाहत्यांचेही असेच होते. त्यांच्या मते १९७५ नंतर जगात चांगले गाणे झालेच नाही. आपण तरी तसे म्हणू नये. चळवळीची कितीतरी गाणी वाईट होती. ठराव यमकात बसवले की गाणे होते, अशी समजूत होती. अशी गाणी अधिवेशनाच्या मंडपाबाहेर पडली नाहीत, आणि ती विसरली गेली याचे दुःख मानण्याचे कारण नाही. जी टिकली ती का टिकली, याचा विचार करावा. ‘माझी मैना’मध्ये अण्णा भाऊंनी आधी गावाकडे बायको ठेवून मुंबईला आलेल्या एका गरीब माणसाची ताटातूट गायली, आणि मग त्याच ताटातुटीत बेळगाव-कारवारचा प्रश्न आणून ठेवला. आधी माणूस, मग मागणी. वामनदादांची गाणीही अशीच आधी एखाद्या आईची, एखाद्या वाटसरूची असतात. दुसरे असे की टिकलेल्या बहुतेक गाण्यांची चाल लोकांना आधीपासून येत होती. आणि तिसरे, त्यांचे ध्रुवपद असे होते की दुसऱ्यांदा ऐकताच झील धरता यावी. आजही ज्यांना गाणे लिहायचे आहे त्यांनी हे तीन धडे गिरवावेत. सोयाबीनच्या भावावर, पीकविम्यावर, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर गाणे लिहिणारे तरुण आज या जिल्ह्यात आहेत. गिटारवर गायचे असेल तर गिटारवर गावे. डफच हवा असा हट्ट धरण्याचे कारण नाही. शिकागोच्या त्या मजुराने तरी आजोबांचेच वाद्य हवे असे कोठे म्हटले होते?

आता कामाच्या गोष्टी. पहिली गोष्ट वह्यांची. खाकी वेष्टनाच्या त्या वह्या आज म्हाताऱ्या गायकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. माणूस गेला की मुले त्या रद्दीत घालतात, कारण त्यांत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदविले. ‘लोकगीत’ म्हटले की गाणारी निनावी होते. त्यांनी तिला नाव परत दिले. आपल्या जिल्ह्यातील नऊ तालुक्यांत हे काम कलापथकांच्या आणि गायन पार्ट्यांच्या बाबतीत का होऊ नये? प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. लोमॅक्स यांना ते मोटारीत घालून न्यावे लागले होते.

दुसरी गोष्ट मानधनाची. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे, आणि २०२४ पासून तिच्याखाली दरमहा ५,००० रुपये देण्याचे ठरले आहे. अर्जासोबत कलेतील कार्याचे पुरावे जोडावे लागतात. मुख्य गायकाजवळ निदान एखादे प्रमाणपत्र, एखादे कात्रण असते. झीलकऱ्याजवळ काय असणार? छायाचित्रात तो मागे, अर्धा कापला गेलेला. फलकावर तो ‘आणि पार्टी’. चाळीस वर्षे ज्याने दुसऱ्याचा आवाज उचलून धरला, त्याच्याजवळ स्वतःचा म्हणून दाखवायला एक कागद नाही. त्याच्यासाठी अर्ज लिहिणे, गावातील लोकांचे जबाब मिळवणे, ग्रामपंचायतीचा ठराव करून घेणे आणि तालुक्याला खेटे घालणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. आठवणींच्या मैफली भरवण्यापेक्षा या कामाला अधिक चिकाटी लागते.

तिसरी गोष्ट आपल्या बैठकांची. आज आपल्या बैठकीत एक माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात. मीही आता तेच करीत आहे. दोन-अडीच तासांनी सारे उठतात, आणि बहुतेकांनी तोंडातून शब्द काढलेला नसतो. नव्याने आलेली एखादी मुलगी, एखादा शेतमजूर सभेत बोलायला बिचकतो. बिचकणे स्वाभाविक आहे. पण गाण्यात तो झील धरू शकतो. पहिल्या दिवशी आवाज मिसळतो, पुढे कधीतरी तोच माणूस उभा राहून प्रश्न विचारतो. पंचवीस वर्षे ज्यांनी शाखा चालवली त्यांना हा अनुभव नवा नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने निदान एका जुन्या वहीची आणि एका झीलकऱ्याची माहिती लिहून आणावी. नाव, गाव, वय आणि तो कोणाबरोबर गायला. शक्य असेल तर त्या माणसालाच बरोबर आणावे, त्याच्या येण्याजाण्याचे भाडे आपण द्यावे, आणि बैठकीची सुरुवात त्याच्या गाण्याने करावी. गिटारवाल्या मित्रांनी त्याच्या शेजारी बसावे. गाणारा एक मिळाला तरी पुरे. झील मात्र आपण सर्वांनी धरायची आहे.